ट्रॅव्हलरच्या टपावर सोलर बसवायचंय, पण वाऱ्याचं काय करू? (सोलापूर)

टपावरचा_संसार:
राम राम मंडळी. सोलापुरात कुणी गाडीच्या टपावर सोलर बसवलंय का? स्वतः बसवलेल्यांनी आधी सांगा, यूट्यूबवर बघितलेले नंतर या. गाडी जुनी ट्रॅव्हलर, मागं दोन बेड, एक छोटा ओटा, बारा व्होल्टचा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज. आम्ही चौघं, मी, बायको, मुलगा आणि आई. आईचं इन्सुलिन असतंय, न फोडलेल्या पेन २ ते ८ डिग्रीतच ठेवाव्या लागतात म्हणून फ्रिज बंद पडून चालत नाही. मागच्या मे मध्ये हंपीला निघालो, विजापूरच्या पुढं एका धाब्यावर जेवलो, तिथंच लिंबाखाली दोन तास पडलो आणि उठून बघतोय तर फ्रिजनं गाडीची बॅटरी खाल्लेली. धाब्यावरच्या पोरांनी धक्का मारून चालू करून दिली.

आता एका फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणतोय घरावरचं ५४० वॅटचं एकच मोठं पॅनेल टाकू, टपाला चार अँगल वेल्ड मारू, आठ बोल्ट, दोन तासात मोकळं. स्वस्तात पडतंय म्हणून मला पटायलंय पण ऐंशीच्या स्पीडला ते उडून मागच्याच्या काचेत गेलं तर काय ही भीती आहे. त्यात बायकोचं म्हणणं, आत्ताच रिकाम्या कॅरियरचा एवढा आवाज येतो की आई डोळा लावत नाही, वर अजून हे कशाला. म्हणून विचारतोय की समोर ट्रकच्या केबिनवर असतंय तसलं हवा कापायचं डिफ्लेक्टर लावलं तर फरक पडेल का, कशाचं बनवायचं, आणि त्यानं मायलेज वाढतंय म्हणतात ते खरं का?

कडक_भाकरी:
मायलेज वाढवायचं असेल तर कॅरियर काढून टाका की बे. सगळ्यात स्वस्त डिफ्लेक्टर.

टपावरचा_संसार:
@कडक_भाकरी कॅरियर काढला तर आईचं पाट, परात, शेगडी आणि सहा चादरी तुमच्या घरी आणून ठेवू का?

वायरमन_जुळे:
दादा, आधी पॅनेल बाजूला ठेवा, खर्च काढा, म्हणजे विजेचा. फ्रिज चालू असताना ४५-५० वॅट घेतो, पण आपल्याकडच्या उन्हात तो थांबतोच कुठं, दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ चालतो, तर ६०० ते ६५० वॅट-तास तिथंच गेले. बारा व्होल्टचा बीएलडीसी पंखा ३० वॅट, आठ तास धरा, २४०. दिवे, चार मोबाईल, मुलाचा टॅब धरून १००. एकूण हजाराच्या आसपास म्हणजे घरच्या भाषेत रोज एक युनिट.

आता उत्पन्न. आपल्याकडं चांगल्या दिवशी पूर्ण उन्हाचे ५ तास धरायचे. पण पॅनेलवर लिहिलेला वॅट हा २५ डिग्रीचा असतो, आणि एप्रिल-मे मध्ये टपावरचं पॅनेल दुपारी ६५-७० ला जातं. दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के कमी, म्हणजे ऐन दुपारी, ऊन जास्त असताना, १५ टक्के असेच गेले. वर धूळ, आडवं पॅनेल, वायरमधली घट. मी सरळ ६५ टक्के धरतो. तेवढ्यावर हिशेब केला तर ३०० ते ३५० वॅट लागतात. ५४० ची गरज नाही.

आणि ते ५४० वालं पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला जरा कमी रुंद, २७-२८ किलोचं असतं. त्याचा ओपन व्होल्टेज, म्हणजे काही न जोडता येणारा, ५० च्या आसपास. त्याला पॅनेल आणि बॅटरीच्या मधला साधा, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावून दिला की पॅनेल बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढलं जातं आणि निम्म्याहून जास्त ताकद वाया. जास्तीचा व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा एमपीपीटी कंट्रोलरच पाहिजे आणि तोही ४० अँपियरचा. त्यापेक्षा १६५-१७० वॅटची दोन घ्या, साधारण दीड मीटर बाय ६७ सेंटिमीटर, एकेक १२ किलोच्या आत. एकटा माणूस चढवतो, एक फुटलं तर एक राहतं.

भीमाकाठ:
वेल्ड मारू नका. हात जोडून सांगतोय.

माझ्या जुन्या गाडीवर असंच एका दुकानात दोन तासात काम करून घेतलं होतं. वेल्डिंगनं टपाच्या आतला रंग जळला, वरून त्यांनी स्प्रे मारून चकाचक करून दिला, मी खूश. पहिल्या पावसाळ्यात काही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या लायटीतून थेंब पडायला लागला, छताचं कापड काढून बघतो तर चारी अँगलच्या खाली पत्रा पापडासारखा. पण ते नंतरचं, आधी जे झालं ते ऐका. पॅनेल समोरून उघडं होतं, टप आणि पॅनेलमध्ये चार बोटं फट, वारं थेट आत घुसायचं. मोडनिंबच्या अलीकडं टक टक टक आवाज यायला लागला, मला वाटलं आतली पातेली. मुलगी म्हणाली बाबा आवाज वरून येतोय. थांबून वर चढलो तर समोरचा उजव्या बाजूचा बोल्ट गायब, दुसरा हातानं फिरत होता आणि पॅनेलचा कोपरा वर उचललेला. साधे नट, ना नायलॉक (आत नायलॉनची रिंग असते, हलून सुटत नाही) ना काही. शेजारच्या गावात जाऊन बैलाचा कासरा विकत घेतला, पॅनेलवरून दोन वेढे काढून दोन्ही दारांतून आत घेऊन बांधला आणि चाळीसच्या स्पीडनं घरी आलो. तो कासरा अजून गाडीत आहे.

वारं किती जोर लावतं याचा अंदाज नसतो आपल्याला. १०० च्या स्पीडला एक चौरस मीटरवर समोरून साधारण ४५ किलोचा दाब येतो. ७० ला त्याच्या निम्मा. स्पीड दीडपट झाला की दाब दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. आणि गाडी ८० नं चालली आणि समोरून २० चं वारं असलं तर टपाला ते १०० च. आषाढात माळावर कसलं वारं असतं तुम्हाला सांगायला नको. त्या ५४० वाल्या पॅनेलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, तुम्हीच गुणाकार करा. सगळा जोर वर उचलायला लागत नाही हे मान्य, पण बोल्टला एकदाच उचलत नाही ना ते, तासभर हलवत बसतं.

माळदांडी:
एवढं कशाला, ते वाकणारं चिकट पॅनेल घ्या की. पत्र्यासारखं पातळ, टपाला चिकटवलं की वाऱ्याचा विषयच संपला, आवाज नाही काही नाही.

वायरमन_जुळे:
@माळदांडी वाऱ्याचा विषय संपतो, बरोबर. उन्हाचा चालू होतो. खालून हवा खेळत नाही, टपाचा तापलेला पत्रा आणि पॅनेल एकच होऊन बसतात. पुण्या-मुंबईकडं एकवेळ चालेल. इथं ४३-४४ डिग्रीत मी दोन जणांची बघितलीत, वरचा थर पिवळा पडून फुगे आलेले. आणि काढायचं म्हणलं की रंगासकट निघतं.

माळदांडी:
माझं अजून चालू आहे, दीड वर्ष झालं.

वायरमन_जुळे:
दुपारी किती अँपियर देतंय तेवढं बघून सांगा.

माळदांडी:
बघतो.

(टपावरचा_संसार: त्यानंतर @माळदांडी यांनी काही सांगितलं नाही म्हणून लिहितोय, राग मानू नका 😄)

सूतमाग:
उशिरा बघितला धागा. आमचा यंत्रमाग आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पण नाद गाडीचा. माझ्या गाडीवर दोन पॅनेल आणि घरी केलेलं डिफ्लेक्टर आहे, तीन वेळा बनवलंय, दोनदा चुकलं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मी ट्रकचं बघून उंच डिफ्लेक्टर केलं, फूटभर. चुकीचं. ट्रकच्या केबिनपेक्षा मागची बॉडी उंच असते, तिच्या सपाट तोंडावर वारं आपटू नये म्हणून ते असतं. आपल्या गाडीला मागं उंच काही नाही, पॅनेलची जाडी दीड इंच आणि फट दोन-अडीच इंच. त्याच्यापुढं फुटाचं शिंग उभं केलं की आपणच वाऱ्याला भिंत बांधली. गाडी जड ओढायला लागली आणि हिवाळ्यात सकाळी पॅनेलच्या पुढच्या ओळीवर सावली. पॅनेलमधली एक ओळ सावलीत गेली की पॅनेलचा मोठा भाग झोपतो, बोटभर सावलीनं सुद्धा.

दुसऱ्यांदा अक्कल आली म्हणून समोरची फट फोम भरून पार बंद केली. आवाज गेला. पण पॅनेलखाली हवाच जाईना, पॅनेल तव्यासारखं, आणि फोमात पाणी आणि लिंबाचा पाला साचून कुजला.

तिसऱ्यांदा जे केलं ते आजवर आहे. २ एमएमचा ॲल्युमिनियम पत्रा, पॅनेलच्या रुंदीएवढाच, कडा मागं दुमडलेल्या म्हणजे फडफडत नाही आणि हात कापत नाही. निजलेला ठेवायचा, ३०-३५ अंशात. वरची कड पॅनेलच्या पुढच्या कडेच्या बरोबर किंवा अर्धा बोट वर, त्याहून उंच नाही. खालची कड टपाला टेकवायची नाही, बोटभर फट आणि कडेला दाराची रबर बिडिंग, तिथून पाणी आणि थोडी हवा जाते. दोन्ही बाजू आणि मागची बाजू उघडी. मधोमध एक आधार द्यायचाच, नाहीतर सत्तरच्या पुढं पत्रा भुंग्यासारखा घुमतो. आणि पॅनेल बसवताना पुढची कड मागच्यापेक्षा जरा खाली ठेवा, म्हणजे वारं पॅनेलला दाबतं, उचलत नाही.

मायलेजचं खरं सांगू? वाढत नाही. पॅनेलमुळं जे गेलं असतं ते कमी जातं, एवढंच.

आता महत्त्वाचं. डिफ्लेक्टर पक्कं करायच्या आधी दोऱ्याची परीक्षा घ्या. पंधराशे रुपयाचा पत्रा कापून वाया घालवल्यावर मला हे सुचलं. वीतभर सुताचे तीस-चाळीस तुकडे करायचे, जाड सूत घ्या, एक टोक चिकटपट्टीनं टपाला, डिफ्लेक्टरला, पॅनेलच्या कडांना चिकटवायचं, दुसरं टोक मोकळं. पहाटे मोकळ्या रस्त्याला गाडी काढा, शेजारून दुसरी गाडी, त्यातल्या बाजूला बसलेल्यानं मोबाईलवर शूटिंग करायचं (ड्रायव्हरनं नाही!). ६० ला दोरा सरळ मागं झोपला की वारं तिथून नीट चाललंय. दोरा गरगर फिरतोय, उभा राहतोय किंवा उलटा पुढं येतोय, तिथं भोवरा आहे, आवाज तिथूनच येणार आणि उचलणार तिथंच. मी तात्पुरतं डिफ्लेक्टर पुठ्ठ्याचं करून, दोरीनं आवळून, तीन कोनांत बघितलं. सूत पाहिजे तर या, आमच्याकडं किलोवर पडलंय.

टपावरचा_संसार:
@सूतमाग हे आजवर कुठंच वाचलं नव्हतं. रविवारी येतो. टपाला भोक न पाडता कॅरियरच्याच पाइपांना पॅनेल लावलं तर?

सूतमाग:
तेच करा. कॅरियर टपाच्या कडेच्या पन्हाळीला क्लॅम्पनं धरलेला असेल तर टपाला हातच लावायची गरज नाही. फक्त क्लॅम्प मोजा, त्यावर आधीच परात आणि चादरी आहेत 😀 मी आडवे ॲल्युमिनियमचे दोन चॅनेल टाकले, बोल्ट स्टेनलेसचे (एसएस ३०४), नायलॉक नट, लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथं भेटतं तिथं रबरी वॉशर, नाहीतर दोन वर्षात पांढरी पावडर पडते.

भीमाकाठ:
वायर आत घ्यायला एक भोक पडणारच. ते टपाच्या मधोमध पाडू नका, मागच्या कडेला पाडा आणि ग्लँड (वायरभोवती आवळून पाणी अडवणारी) लावा. भोकाच्या कडेला आधी प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं आम्ल पत्रा गंजवतं आणि नंतर त्यावर रंग पण बसत नाही. पक्कं झालं की अर्धा तास पाण्याचा पाइप सोडून आत कुणाला तरी बसवा. मी मुलीला बसवलं होतं, पेप्सीकोला देऊन.

वायरमन_जुळे:
वायरचं माझ्याकडून: दोन्ही पॅनेल पॅरलल जोडा, म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस. सिरीजमध्ये (एकामागं एक) वायर बारीक चालते हे खरं, पण तुमच्या टपावर परात आहे, शेगडी आहे, एकावर सावली पडली तर दुसरं तरी पूर्ण चालू दे. ६ चौरस मिलिमीटरची सोलर केबल, सोलरचे एमसी-फोर कनेक्टर, ३० अँपियरचा एमपीपीटी. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज, हे विसरलात तर बाकी सगळं विसरा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

बॅटरी लिथियम फॉस्फेट १०० एएच (अँपियर-तास) घेतली तर १२८० वॅट-तास, म्हणजे तुमचा एक दिवस आणि थोडं. लेड ॲसिड घेतली तर निम्मीच वापरायची. पण लिथियम टपाजवळच्या कपाटात ठेवू नका, ४५ डिग्रीच्या वर बऱ्याच बॅटऱ्या चार्जच घेत नाहीत आणि बंद गाडीत मे महिन्यात ५० सहज होतं. सीटखाली, फरशीला, हवा लागेल अशी.

आणि एक विचारायचं राहिलं, गाडी उभी कुठं करता? लिंबाखाली ना? मग टपावर हजार वॅट लावले तरी काय उपयोग. म्हणून चालत्या इंजिनवर चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर घ्याच, ३० अँपियरचा. दोन तास गाडी चालली की सातशेच्या आसपास वॅट-तास आत. धाब्यावर तुमची बॅटरी बसली ना, ते सुद्धा यानं थांबेल, कारण फ्रिज गाडीच्या बॅटरीवरून सुटून वेगळ्यावर जातो.

टपावरचा_संसार:
हे डोक्यातच आलं नव्हतं. आपण सावली शोधत फिरतो आणि टपावर ऊन पाहिजे.

कडक_भाकरी:
मे मध्ये शून्य सावलीच्या दिवशी बाराला गाडी पार्कच्या मैदानाजवळ लावा, फुल चार्ज. तुम्ही पण.

पासिंगवाले_काका:
सगळं वाचलं. कुणी कागदाचं बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळं होईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अजून स्पष्ट केलंय. कॅरियरला क्लॅम्पनं लावलेलं, सुटं होणारं पॅनेल ही एक गोष्ट, टपाला वेल्ड केलेली फ्रेम दुसरी. टप कापणं तर नकोच. पण त्याहून मोठं, तुम्ही सीटा काढून बेड टाकलेत, सीटांची संख्या आरसीवर बदलून घेतली का? नसेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पॅनेल उडून कुणाला लागलं तर पहिला प्रश्न तोच येणार. डिफ्लेक्टर गाडीच्या पुढं किंवा बाजूला बाहेर येता कामा नये.

टपावरचा_संसार:
काका, सीटांचं करून घेतलंय, दोन चकरा आणि एक पूर्ण दिवस गेला. विम्याला कळवलं नव्हतं, उद्याच मेल करतो.

गड्ड्याचा_पाळणा:
गारा पडल्या तर काच फुटत नाही का? आमच्याकडं वळवाला लिंबाएवढ्या पडतात.

वायरमन_जुळे:
चांगल्या पॅनेलची काच टफन्ड असते, २५ एमएमच्या बर्फाच्या गोळीची चाचणी असते. लिंबाएवढ्या पडल्या तर पॅनेलआधी तुमची पुढची काच बघा.

टपावरचा_संसार:
महिना-दीड महिन्यानं परत आलोय, काय झालं ते सांगणं माझं काम.

१७० ची दोन पॅनेल कॅरियरवरच, वेल्ड नाही. @सूतमाग दादांकडं जाऊन सूत आणलं, त्यांच्या मातोश्रींनी शेंगाचटणी पण बांधून दिली. पुठ्ठ्याचं डिफ्लेक्टर करून पहाटे साडेपाचला तुळजापूर रोडला परीक्षा घेतली, मेहुण्याच्या गाडीतून मुलानं शूटिंग केलं. पहिल्या फेरीत पॅनेलवरचे दोरे शहाण्यासारखे झोपलेले पण पॅनेलच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवरचे उभे राहून नाचत होते. कारण डिफ्लेक्टर पॅनेलपेक्षा दोन इंच अरुंद कापलं होतं मी. रुंदी बरोबर केली, दोरे झोपले. मग तेच माप पत्र्यात कापलं.

आषाढीला आईला घेऊन वाखरीला गेलो, पालखी बघितली. गाडी लावायला जागा मिळाली ती एका मोठ्या बाभळीखाली, त्यात आभाळ, दिवसभरात सोलरनं नावाला काहीतरी दिलं. पण सोलापूरहून जाताना डीसी-डीसीनं भरून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी ४१ टक्के, फ्रिज ४ डिग्री. आईनं स्वतः दार उघडून थर्मामीटर बघितला, मग माझ्याकडं बघितलं, बोलली काही नाही.

एक राहिलंय. ७५ च्या पुढं एक बारीक शीळ येते, कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आधी येते ना तसली. डिफ्लेक्टर काढून बघितलं तरी येते, म्हणजे त्याचा दोष नाही.

सूतमाग:
कॅरियरचा मागचा रिकामा गोल पाइप असणार. गोल पाइपामागं वारं आलटून पालटून भोवरे सोडतं, त्याची शीळ. नायलॉनची दोरी पाइपाला जिन्यासारखी तिरकी गुंडाळा, वेढ्यात चार-पाच बोटं अंतर, दोन्ही टोकं टायनं आवळा.

टपावरचा_संसार:
गुंडाळली. बार्शी रोडला ८५ पर्यंत नेली, शीळ बंद. आई मागं घोरत होती तो आवाज पहिल्यांदा पुढं ऐकू आला.

भीमाकाठ:
नायलॉक नट पाचशे किलोमीटरला एकदा हात लावून बघा. आणि कासरा ठेवा गाडीत.

सूतमाग:
आणि माझी बॉबिन परत द्या, सूत ठेवा.